उतरलेली सूज

प्रयोगशाळेच्या खिडकीवर रोज कोळशाची काळी पूड बसते. चंद्रपुरात राहायचं तर ती पुसायचीच. पूड पुसून, हात धुऊन मी इन्क्युबेटर उघडते. आत तबकड्यांमध्ये मूत्रपिंडाच्या ऊतीचे नखाएवढे नमुने असतात. रुग्णाच्या लघवीतून मिळालेल्या पेशींपासून ते वाढवायचे, साखरेच्या द्रवात ठेवायचे आणि मधुमेह त्यांना कसा पोखरतो ते बघायचं, हे माझं काम.

एक तबकडी माझ्या मधुमेही अम्मीच्या पेशींची होती. तुलनेसाठी निरोगी पेशी हव्यात, म्हणून शेजारची माझी. साखर दोघींना सारखीच. अम्मीचा नमुना गळायचा, माझा टिकायचा.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी अम्मीसाठी डायलिसिसचं नाव काढलं. अम्मी अहेरीला शिलाई करते. पाय इतके सुजले होते की मशीनचं पायडल दाबवेना. तरी मी निघाले की माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून ती स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडायचीच. पोरीची बला आपल्या अंगावर घ्यायची रीत. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. म्हणूनच एकदा निघताना गंमत म्हणून मी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवले आणि माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. कडकड.

अम्मीचा चेहरा पडला. "उलटं नाई करत बेटा. मायची बला लेकरू नाई घेत."

"आता घेतली तर घेतली," मी हसत म्हटलं आणि बस पकडली.

पुढच्या आठवड्यात माझा सहकारी पवन सूक्ष्मदर्शकावरून उठला. "लेबलं अदलाबदल झाली काय मॅडम? अम्मीचा नमुना एकदम टकाटक. तुमचा गळून राह्यला."

लेबलं बरोबर होती. मी गोठवून ठेवलेल्या जुन्या पेशी काढून दोन्ही नमुने नव्याने वाढवले. लेबलं स्वतःच्या हाताने लावली.

पुन्हा तेच. पवन चहा आणायला निघून गेला.

दुपारी अम्मीचा फोन आला. "नाहीद, सूज उतरली! मशीन चालवून राह्यली मी. डॉक्टर म्हणे, डायलिसिस नको आता."

आनंदाने मला रडूच फुटलं. घरी येऊन मोजे काढले, तर रबराचा वण घोट्यात खोल रुतला होता. दिवसभर उभं राहण्याने होतं असं, मी स्वतःला समजावलं. मग तपासणी केली. रिपोर्ट अम्मीला सांगितला नाही. सांगितला असता तर तिने काय केलं असतं, ते मला ठाऊक होतं.

ईदला अहेरीला गेले. दारात मी सँडल काढत असताना आत अम्मीचं मशीन थांबलं.

ती खाली बसली. माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.

"मले सांगितलं काऊन नाई?"

"अम्मी, उन्हानं आहे ते."

तिचे हात माझ्या चेहऱ्याकडे आले. मी ते हवेतच पकडले. दहाही बोटं माझ्या मुठींत आवळून धरली.

"नको, अम्मी. तुझे पाय सुजतील पुन्हा. नको."

तिने हात सोडवून घेतले नाहीत. नुसती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हसली.

कडकड.

माझ्या मुठींत तिची बोटं जराही हलली नव्हती. आवाज तिच्या कानशिलांपासून आला.