चहासुद्धा नाही

खुर्चीत बसून मी दुसरी गिरकी घेतली, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "जपून हं, चक्कर येईल!"

मी पाय टेकवून थांबले. समोर फर्निचरच्या दुकानाचा मालक उभा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांत लाकडाचा भुसा, आणि ओठांवर दाबून ठेवलेलं हसू.

"मी काम करतेय," मी तोऱ्यात म्हटलं.

"दिसतंय ना… अजून एक फेरी मारा, काम पूर्ण होईल."

काय आगाऊ माणूस! पण खरंच काम होतं हो. मी सरकारी कार्यालयात खरेदी विभागात. आमच्याकडे खरेदी म्हणजे काय, तर जुनी फाइल काढायची, तारीख बदलायची आणि टेंडर मागवायचं. वस्तू डोळ्यांनी बघायची असते, हेच कुणाला ठाऊक नाही. शेवटी वरून हुकूम आला, या लोकांना बाजार बघायला शिकवा. शिकवायला आल्या एक करारी बाई, सगळी नोकरी खरेदीत गेलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "दुकानं फिरा. बसून बघा, उघडून बघा, विचारा. पण विकणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही. चहासुद्धा नाही!"

आणि नियम पाळण्यात माझा हात कोण धरणार? ऑफिसात मला 'शिक्का' म्हणतात ते काय उगीच? त्यातून ऑफिसच्या नव्या खुर्च्या ही माझी पहिली स्वतंत्र खरेदी. आईने तर चाळभर सांगून टाकलं होतं, पोरगी आता साहेब झाली म्हणून.

मी जुन्या फाइलीतलं वर्णन वाचून दाखवलं. "चाकांची खुर्ची, चार पायांची, पाठ कडक—"

"चार पायांची?" तो हसायलाच लागला. "अहो, मागे रेललं की धाडकन! आता चाकांच्या खुर्चीला पाच पाय असतात."

"अगंबाई! आमचे हेडक्लार्क सारखे पडतात… आम्ही त्यांच्या वजनाला नावं ठेवतो."

मग तो इतका मोकळा हसला की मी पुढचा प्रश्नच विसरले.

"चहा सांगू?"

"नको."

"कॉफी?"

"नको म्हटलं ना!"

"पाणी?"

मी विचार केला. बाई पाण्याबद्दल काही बोलल्या नव्हत्या. "…पाणी चालेल."

बाकीची दुकानंही मी इमानदारीत फिरले. पण पाय मात्र वळायचे तिकडेच. एकदा फोमचं विचारायचं राहिलं, एकदा गॅरंटीचं. मला बघितलं की तो भुवया उंचावून विचारायचा, "आज काय राहिलं?" माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि स्वतः समोर बसून चहाचे मुद्दाम मोठे भुरके घ्यायचा. "नुसता वास घेतलेला चालतो का, विचारा बाईंना!"

एकदा मी त्याच्या दुकानातली एक खुर्ची जवळजवळ पसंत केली. हाताने पाठीचं गादीकाम चाचपत तो म्हणाला, "तुमच्या हॉलमध्ये उकडतं म्हणालात ना? मग ही नको. जाळीच्या पाठीची बघा. माझ्याकडे नाही ती… कोपऱ्यावरच्या दुकानात आहे."

विकायला बसलेला माणूस दुसऱ्याच्या दुकानाचा पत्ता सांगतो? झाली माझी पंचाईत! मी त्याच्या प्रेमात पडले, अगदी धाडकन, चार पायांच्या खुर्चीतून पडावं तशी.

"हल्ली खुर्च्यांबद्दल फार बोलतेस गं," आई जेवताना म्हणाली. "त्या खुर्चीच्या घरी कोण कोण असतं?"

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी सगळ्या दुकानदारांना हॉलमध्ये बोलावलं होतं. आम्ही प्रश्न विचारायचे, ते सगळ्यांसमक्ष. तोही आला होता. केस चापून बसवलेले, भुसा गायब. मला उगीचच चुकल्यासारखं वाटलं.

बाई उभ्या राहिल्या. "यातल्या कुणा दुकानदाराशी तुमच्यापैकी कुणाचं नातं असेल तर आत्ताच सांगा. त्याने ती खरेदी सोडायची. मागाहून कळलं, तर खरेदी रद्द आणि दुकानदारही बाद."

बोलले तर खरेदी हातची जाणार, आणि वर हसं होणार. गप्प बसले तर आज ना उद्या तो माझ्यामुळे बाद होणार. तो, ज्याने स्वतःचं गिऱ्हाईक कोपऱ्यावर धाडलं! मी उठले.

"बाई… माझं आहे."

"काय नातं?"

"नातं असं… अजून काही नाही. पण व्हावं, अशी माझी इच्छा आहे."

बाजूला बसलेल्या हेडक्लार्कना ठसका लागला. "अगं शिक्का!"

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "आणि समोरच्याची इच्छा? ती विचारलीत?"

"नाही, बाई. ते… तेवढं राहिलं."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तो उभा होता, कानापर्यंत लाल.

"बाई, समोरचा मीच. माझीही हीच अडचण आहे. म्हणून टेंडर भरायचंच नाही, असं ठरवून आलो होतो."

"काही गरज नाही," बाई म्हणाल्या. "खुशाल भरा. खरेदी हेडक्लार्क बघतील. पडतात तेच, निवडू दे त्यांनाच!" हॉलमध्ये असा हशा पिकला की हेडक्लार्कसुद्धा हसले.

पुढे ते काम कोपऱ्यावरच्या दुकानालाच मिळालं, जाळीच्या खुर्च्यांना. याला थोडं लागलं, मला जरा जास्तच. आईने चाळभर नवी बातमी सांगून भरपाई करून घेतली. आणि हेडक्लार्क त्यानंतर एकदाही पडलेले नाहीत.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी हॉल रिकामा झाला, तरी तो पायरीवर थांबला होता. मी जवळ गेले. खरेदी गेल्याचं वाईट वाटत होतं, आणि तरी इतकं हलकं वाटत होतं… काय सांगू!

त्याने भुवया उंचावल्या. "आज काय राहिलं?"

"चहा," मी म्हटलं.