ताटावरची विचारपूस

बाबा दुपारचं जेवत होते आणि भिंतीवरचं ‘विचारपूस’ नावाचं यंत्र त्यांना गोड आवाजात पुन्हा पुन्हा विचारत होतं, “आज वार कोणता? तुमच्या मुलांची नावं काय?”

बाबा वरणभात कालवत राहिले.

ऋजुता बॅगा टेकवून दारातच थबकली. ती बंगळूरहून आणि धाकटा निनाद नागपूरहून, दोघं आत्ताच बार्शीत पोचले होते. आई गेल्यावर त्यांनीच हे यंत्र बसवलं होतं. वयस्कर माणूस किती चटकन आणि किती अचूक उत्तर देतो, यावरून ते स्मृतीचा अंदाज बांधायचं. गेला महिनाभर अंदाज एकच होता: स्मृती झपाट्यानं ओसरते आहे.

आता फोनवर बाबा चांगले ठणठणीत बोलायचे हो! पण यंत्राचं म्हणणं, असे रुग्ण वेळ मारून नेण्यात पटाईत असतात. झालं! शिकलीसवरलेली पोरं, त्यांनी बापापेक्षा यंत्रावर विश्वास ठेवला. पुण्याच्या एका शुश्रूषागृहात खोली ठरली, बाबांना न्यायला गाडीही निघाली.

“बाबा, मी ऋजू. ओळखलंत ना?”

बाबा हसले आणि पाहुण्याला दाखवावा तसा त्यांनी बोटानंच पाट दाखवला. ऋजुताला हुंदका आवरेना. आपण यायला फार उशीर केला, एवढंच तिला वाटत राहिलं.

“ताई, त्यांच्यासमोर रडू नकोस गं,” निनाद पुटपुटला. डोळे त्याचेही भरले होते.

बाबांनी ताक संपवलं, मोरीत जाऊन चूळ भरली, पंच्याला हात पुसले आणि वळून म्हणाले, “शुक्रवार. ऋजुता आणि निनाद. आणि या भोचक डबड्याला कुणीतरी सांगा रे, जेवत्या माणसाला छळू नये! रोज मेलं नेमकं ताटावरच गाठतं.”

“मग बोलत का नव्हतात?” ऋजुता जवळजवळ ओरडलीच.

“चातुर्मास नाही का! जेवताना मौन, हा तुझ्या आईचा नेम. गेल्या वर्षी अर्ध्यावरच गेली बिचारी. म्हटलं, यंदा आपण पुरा करू.”

निनादनं कपाळावर हात मारला. बाबा तेवढा वेळ एका जागी असतात, म्हणून प्रश्नांसाठी जेवणाची वेळ त्यानंच ठरवली होती. आई दर चातुर्मासात खुणेनं भाजी मागायची, हे दोघांपैकी एकालाही आठवलं नव्हतं. ऋजुता आधी रडली, मग इतकी हसली की तिला ठसका लागला. जीव भांड्यात पडला. गाडी वाटेतूनच माघारी धाडली आणि बाबांनी स्वतः पोरांची पानं वाढली.

“काही म्हणा, या डबड्यापायी दोघं एकदम घरी आलात. बरं वाटलं मला,” ते समोर बसत म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “पण कधीतरी त्याचं म्हणणं खरं ठरेलच की. तेव्हा या दारात आधी कोण येईल रे, तुम्ही की गाडी?”