कोणत्या रामाजीचं चाक?

गुणवंतराव जिना चढून आले तेच धापा टाकत. टोपी काढली, परत घातली, पुन्हा काढली.

"अलोणेसाहेब, माझी नोकरी जाते हो! एकाच नावाची दोन माणसं निघाली!"

त्र्यंबक अलोणे खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत होता. चांद्यातला हा एकमेव खासगी शोधक. पूर्वी पोलीसखात्यात होता, पण खुर्चीवर बसवेना म्हणून सोडून आला, असं लोक म्हणत. बसणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं. कोपऱ्यात त्याचे मित्र मुनघाटे मास्तर पान लावत होते. पेन्शनीत निघाल्यापासून मास्तरांना दोनच कामं उरली होती: अलोण्याच्या मागे फिरणं, आणि त्याच्याआधी उत्तर सांगून तोंडघशी पडणं.

"बसा," मास्तर म्हणाले. "त्याला बसायला सांगू नका, तुम्ही बसा. काय झालं ते सांगा."

गुणवंतराव हातमागाच्या एका मंडळाचे संघटक होते. रानरेशमाचा कोसा शिजवून त्याची तार काढणाऱ्या बायांसाठी त्यांची धडपड चाले. "तुम्ही पाहिलंच असेल. बाया उघड्या मांडीवर तार वळतात. वर्षानुवर्षं. मांडी सोलून निघते, घट्टे पडतात, पिकतात. मागच्या शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत आमच्या मांडवात एक यंत्र आलं. पायानं चाक फिरवा, तार आपोआप वळते. मांडीला हात नको! लोक बघतच राहिले."

"केलं कोणी?"

"तिथंच तर घोळ झाला. चालवायला एक बाई होती, डोळ्यांपर्यंत पदर. तिला विचारलं, कोणी केलं? बाई मान खाली घालून गप्प. दोनदा विचारलं, तरी गप्प. शेवटी गर्दीतून कोणीतरी ओरडलं, 'रामाजी निखाऱ्यानं!' मी तशी पाटी लावली आणि दुसऱ्या कामाला पळालो."

"आणि आता?"

"आता सावली गावात कोशाचं केंद्र निघतंय. ज्यानं यंत्र केलं त्याच्याच हाती केंद्र द्यायचं. परवा शिवरात्रीला मंडळाचे अध्यक्ष मार्कंड्याच्या मांडवात जाहीर करणार. आणि दोन रामाजी निखारे आपापलं यंत्र घेऊन हजर! भलत्याच्या हाती केंद्र गेलं तर माझी नोकरी जाईल, आणि बायांच्या मांड्या सोलायच्या त्या सोलतच राहतील."

"नोकरी आधी की मांड्या आधी?" अलोणेनं विचारलं.

गुणवंतराव ओशाळले. अलोणेनं पायात कॅनव्हासचे बूट सरकवले. "चला मास्तर."

पहिला रामाजी चांद्यातच होता. शिलाईमशीन दुरुस्तीचं दुकान, भिंतीभर पाने-पकडी. आपली कारकीर्द त्यानं स्वतःहूनच ऐकवली: नागपूरच्या गिरणीत फिटर, मग बल्लारपूरच्या खाणीत पंपावर, मग हे दुकान. दोन शोधही दाखवले. एक उंदरांचा पिंजरा आणि एक आपोआप उघडणारी छत्री. छत्री उघडली ती मिटेचना. शेवटी ती तशीच दाराशी ठेवावी लागली.

"आणि हे माहं यंत्र!" त्यानं फडकं ओढलं. सगळं लोखंडी, तेल पाजून चकचकीत केलेलं.

"कल्पना कशी सुचली?"

"मायले पाहून. लहानपनी रोज तिच्या बाजूले बसून राहो ना मी. तार वळता वळता तिची मांडी सोलून निघे."

"कोशांची हंडी कुठं ठेवायची?"

"ही इथी, उजव्या हाताले."

"मागच्या वर्षी जत्रेत होतात?"

"होतो ना. एकदम पुढं उभा होतो." मग जरा चाचरून म्हणाला, "म्हनजे, माहंच यंत्र होतं, तं उभा राहीनच ना!"

बाहेर येताच मास्तरांनी निकाल दिला. "हाच. हातात कसब आहे माणसाच्या."

"कसब आहेच," अलोणे झपाझप चालत म्हणाला, "म्हणून तर काळजी वाटते."

दुपारच्या मोटारीनं दोघं सावलीला पोचले. अंगावर धुळीचा थर, डोक्यावर ऊन, आणि अलोणे वाटभर उभ्यानं आलेला. दुसरे रामाजी निखारे विणकर सोसायटीचे चेअरमन होते. दारावर रंगवलेली मोठी पाटी. अंगणात एक बाई पाण्याची घागर घेऊन चालली होती, उजवा पाय ओढत.

"राम राम बाई!" मास्तर म्हणाले. "रामाजी निखारे इथंच राहतात ना?"

बाईनं घागर ठेवून हात जोडले. "कोन पाह्यजे?"

"रामाजी निखारे."

"पाटी लावली हाये ना जी. वाचता येते ना तुमाले?"

आणि ती आत गेली. मास्तरांचा चेहरा पडला. जन्मभर पोरांना बाराखडी शिकवली आणि आज मोलकरणीनं अक्षरओळख काढावी! राम राम घातला त्याला राम रामसुद्धा नाही. "माणुसकी उरली नाही हो," ते पुटपुटले. अलोणे मात्र त्या बाईच्या पाठीकडे बघत उभा राहिला. एरवी तो असा एका जागी ठरत नसे.

चेअरमन तोंडभर बोलणारा माणूस. आधी माग, मग खांद्यावर गठ्ठा टाकून कापडाची फेरी, मग सोसायटी. "आनि मंग हे यंत्र! घरचीसाठी केलं. शकू, चालवून दाखव पावन्यायले."

शकुबाई उंच, धिप्पाड बाई. लाकडी यंत्रापुढच्या ठेंगण्या पाटावर बसली तर गुडघे हनुवटीला टेकले. कोशांची हंडी डाव्या हाताला. पाय मारायचा पायटा यंत्राच्या डाव्या अंगाला होता. तिची सवय उजव्या पायाची, म्हणून ती अंग पिळून तो तिकडे नेई आणि चाक फिरवी. तार मात्र सुरेख निघाली, पिवळी धमक.

"तुम्ही एरवी मांडीवर वळता तेव्हा हंडी कुठं असते?"

"डावीकडंच राह्यते. डाव्या मांडीवर, डाव्या हातानं वळाव लागते. उजव्या हातानं गुंडाळाव लागते. सगळ्याच बाया तशाच करतेत."

"मास्तर, बाईंच्या समोर बसा आणि त्या करतात तसं करून दाखवा."

मास्तर बसले. शकुबाईनं डावा हात डाव्या मांडीवर फिरवला; मास्तरांनी तिच्याकडे बघत उजवा हात उजव्या मांडीवर फिरवला. दाराशी उभी असलेली मघाची बाई पदराआड हसली. मास्तर आणखी चिडले. अलोणे तोवर खाली वाकला होता. चाकाच्या खाचेत बोट घालून त्यानं काहीतरी काढलं, चिमटीत चोळलं. राखाडी, कचकचीत भुकटी.

"चाक कुठलं हो, चेअरमन?"

"जुन्या चरख्याचं."

"आणि या बाई?"

"गुणाबाई. विधवा हाये बिचारी. नवरा पावसाळ्याच्या तोंडावर गेला, तापानं. मीच आसरा देल्ला."

"करायचा काय नवरा?"

"विनकराचं पोर, पन मागावर कई बसला नाई. बाजारोबाजार फिरून सुऱ्या-कातऱ्यायले धार लावे. धारवाला म्हनत त्याले सारे. त्याचं काय घेऊन बसले तुमी?"

निघताना अलोणे मुद्दाम गुणाबाईपाशी थांबला. "येतो बाई. राम राम."

तिनं पुन्हा नुसते हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मास्तरांना दिसलं. त्यांना वाटलं, चुलीचा धूर.

शिवरात्रीच्या सकाळी वैनगंगा ओलांडताना मास्तरांनी नवा निकाल दिला. "चेअरमनच खरा. हंडी बरोबर डावीकडे आहे. लाकडाचं काम आहे. त्या फिटरनं चोरलं." अलोणे डोंग्यातसुद्धा उभाच होता. "बसा ना भाऊ! साऱ्यायले बुडवता काय?" नावाडी खेकसला, तेव्हा कुठं तो बसला, आणि पाय हलवत राहिला.

मार्कंड्याला देवळाभोवती माणसांचा पूर आलेला. मांडवात दोन्ही यंत्रं, दोन्ही रामाजी, मधे अध्यक्ष. पाटी मागच्या वर्षीचीच: रामाजी निखारे. गुणवंतराव टोपी पिळत होते. चेअरमनचं यंत्र गाडीवरून उतरवायला, पाणी भरायला गुणाबाई आली होती.

अलोणे दोन यंत्रांच्या मधे येरझारा घालू लागला.

"फिटरभाऊ, तुमच्या यंत्रात हंडी उजवीकडे. तुम्ही म्हणता, रोज आईच्या बाजूला बसून पाहिलं. बाजूला बसणाऱ्याला डावं-उजवं चुकत नाही. चुकतं कोणाला? समोर उभं राहून बघणाऱ्याला. परवा आमच्या मास्तरांनी समोर बसून नक्कल केली, तर सगळं उलटं झालं. तुम्ही जत्रेत एकदम पुढं उभे होतात आणि समोरून पाहिलं तसं यंत्र बनवलंत. आरशातलं."

फिटर लाल झाला. मग हळूच म्हणाला, "चांगलं दिसलं, म्हनून बनवलं जी. नाव तं माहंच होतं पाटीवर." आणि मागे सरकला.

चेअरमननं छाती फुगवली. "मंग माहंच खरं झालं ना!"

"यंत्र खरं. तुमचं नाही." अलोणे थांबला. "घरचीसाठी केलं म्हणालात. तुमची घरची उंच, पाट ठेंगणा. तिचे दोन्ही पाय धड. पायटा असा की उजवा पाय लागूच नये. हे यंत्र मापानं शिवलेल्या चोळीसारखं आहे, दुसरीच्या अंगाला बसत नाही. आणि चाक! चरख्याच्या चाकात कुरुंदाची भुकटी कुठून येईल? ती सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या चाकात असते."

गर्दीतले डोळे गुणाबाईकडे वळले.

"धारवाला!" मास्तर ओरडले. "पण पाटीवर नाव रामाजी निखाऱ्याचं!"

"धारवाल्याचं नाव काय होतं, मास्तर? गावानं कधी विचारलं नाही. पण त्याच्या बायकोनं आपल्याला दोनदा सांगितलं. राम राम घातला तर ती उलटून राम राम म्हणत नाही. मालकाचं नाव विचारलं तर म्हणते, पाटी वाचा. शकुबाईनं नवऱ्याचं नाव न घेणं समजतं. मोलकरणीला मालकाचं नाव घ्यायला काय अडचण? एकच. तेच तिच्या नवऱ्याचं नाव असेल तर! मागच्या वर्षी तो तापानं अंथरुणाला खिळला असणार, म्हणून ती एकटी यंत्र घेऊन आली. 'कोणी केलं' विचारलं, तिनं मान खाली घातली. ओरडलं कोण, ते चेअरमनच सांगतील. नाव खरं होतं. त्यांनी ते आपल्या अंगाला लावून घेतलं. धारवाला मेल्यावर यंत्रही उचलून आणलं."

"पुरावा काय?" चेअरमन गरजला. "मेलेला मानूस बोलाले येत नाई! हिलेच विचारा ना, हिचं तोंड हाये का नाई?"

अध्यक्ष मऊपणे म्हणाले, "बाई, यंत्र कोणी केलं? तुम्ही एकदा तोंडानं सांगा."

गुणाबाई पाटावर बसली. पाट तिच्या मापाचा. डावा पाय पायट्यावर असा पडला की जणू तो तिथंच असायचा. चाक फिरू लागलं. तोंड मात्र मिटलेलं. "मले येत नाई जी," ती कशीबशी म्हणाली. "माह्या तोंडातून नाव निघालं नाई, म्हनून त्यायचं सारंच गेलं. मले समजते. पन येत नाई."

चेअरमन हसला. जन्मात पहिल्यांदा मास्तरांना अलोण्याच्या आधी काहीतरी खरंच सुचलं.

"नाव सांगू नका, बाई. नाव घ्या! लग्नात घेतात तसं. उखाण्यात!"

मांडवात कुजबूज उठली. विधवेनं उखाणा? "असं करतेत काय कोनी?" एक म्हातारी म्हणाली. गुणाबाईचं चाक थांबलं.

तेवढ्यात शकुबाई पुढं आली. नवऱ्यानं "शकू!" म्हणून दरडावलं, तिनं वळूनही पाहिलं नाही. ती गुणाबाईपाशी खाली बसली. "घे वो बाई नाव. पावसाळ्यापासून तुह्या धन्याच्या चाकावर बसून राह्यली मी. माहे घट्टे गेले, आनि तू माह्या घरी पानी भरून राह्यली. मले लाज वाटते. घे नाव."

चेअरमनचं तोंड उतरलं. आता पुराव्याची गरजच उरली नव्हती. पण अध्यक्ष थांबले, गर्दी थांबली, अलोणेसुद्धा एका जागी उभा राहिला.

गुणाबाईनं पदर सावरला, डोळे मिटले.

"कोसा शिजला राखेत, तार निघाली सोनेरी,
रामाजीच्या चाकानं माही मांडी झाली बरी."

आणि ती ढसाढसा रडली. मघाच्या म्हातारीनंच तिला जवळ घेतलं.

केंद्र गुणाबाईच्या हाती गेलं. गुणवंतराव पाटीकडे धावले. "नवी लिहू का?"

"कशाला?" अलोणे पुन्हा चालू लागला होता. "नाव तर बरोबरच आहे."

निघताना मास्तरांच्या तोंडून सवयीनं "राम राम बाई" निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली. गुणाबाई हसली. तिनं नेहमीसारखे नुसते हात जोडले. नाव एकदा घेतलं होतं, तेवढं पुरे होतं.