काकांना येणारं एकच बटण

मावशीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका साहेबांचा प्रिंटर उघडून बसले होते.

"ठके, तुझ्या काकांना काहीतरी झालंय गं," ती म्हणाली. "सारखे बाहेर येतायत."

काकांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तरी मी घाबरले नाही, कारण मावशी 'काका' म्हणते ते त्यांच्या सीडींना. काका बंद पडले, काका अडकले, काकांवर धूळ बसलीय, असे फोन मला अधूनमधून यायचेच. मी म्हटलं, शनिवारी येते, तोवर त्यांना हात लावू नकोस.

हे सीडींचं प्रकरण थोडं सांगायला हवं. मावशीची नजर हळूहळू गेली. आता तिला माणसं सावलीसारखी दिसतात, अक्षरं तर नाहीतच. आणि वाचनाचं वेड असं की घास पानात राहील पण पुस्तक खाली राहणार नाही. डॉक्टरांनी डोळ्यांची आशा सोडली त्याच आठवड्यात काकांनी मला बोलावून घेतलं. "ठके, माझा आवाज डब्यात भरून ठेवता येतो का बघ," म्हणाले. मग मी त्यांना मायक्रोफोन लावून दिला आणि काका तिच्यासाठी पुस्तकं वाचायला लागले. दाढेखाली लवंग धरायची, घसा खाकरायचा, आणि सुरू. उभी हयात रुग्णवाहिकेवर मदतनीस म्हणून काढलेला माणूस, पण वाचायचे असे की ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकावं.

कॉम्प्युटरचं त्यांना ओ की ठो कळत नसे. मी हरतऱ्हेने शिकवून पाहिलं. शेवटी त्यांना एकच बटण आलं, ट्रे बाहेर काढायचं. ते मात्र अगदी थाटात दाबायचे. दिवसाचं वाचन मी सीडीवर उतरवून दिलं की बटण दाबून ट्रे बाहेर काढायचे, सीडी दोन बोटांत धरून मावशीच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घ्या बाईसाहेब, गरमागरम आहे."

शेवटची कादंबरी पुरी व्हायची राहिली. हरवलेलं जहाज शोधायला निघालेल्या एका म्हाताऱ्या कप्तानाची गोष्ट होती. शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी आले आणि काका गेले. ती सीडी मीच तयार केली होती, त्यामुळे ती कुठे थांबते हे मला पाठ आहे. कप्तान कंदील घेऊन बंदराच्या पायऱ्या उतरतो, काका खोकतात, "उरलेलं उद्या" म्हणतात, खुर्ची सरकते आणि संपतं.

तर शनिवारी मी हत्यारांची पिशवी घेऊन मावशीकडे गेले. मावशीने दार उघडलं. महिन्याभरात बाई निम्मी झाली होती. गालांची हाडं वर आलेली, झग्यात नुसती हवा. हृदय अशक्त झालंय, वेळेवर खा आणि रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. स्वयंपाकघरात बघितलं तर सकाळचा पाव तसाच, दूध तसंच, त्यावर साय धरलेली.

"मावशी, हे काय चालवलंयस?"

"आधी त्यांना बघ," ती म्हणाली आणि काकांच्या खुर्चीत जाऊन बसली. दिवसभर ती तिथेच बसून असते हे त्या उशीला पडलेल्या खळग्यावरून कळत होतं.

मी कॉम्प्युटरमध्ये शेवटची सीडी घातली. घरघर झाली, काकांचा आवाज आला, आणि इतक्या दिवसांनी तो ऐकून माझे डोळे भरले. नाक पुसेपर्यंत खट् झालं आणि ट्रे सीडीसकट बाहेर आला. मी आत ढकलला. जरा वेळाने पुन्हा खट्.

आता हे माझं रोजचं काम. लेन्सवर धूळ असेल म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल होतो, तो बदलला. वायर बदलली. मग माझ्या पिशवीतली एक सीडी लावून पाहिली, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुरळीत चालली. म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत. मग काकांच्या सीडीची नवी प्रत काढली, तीही बाहेर. बाजारात जाऊन नवाकोरा ड्राइव्ह घेऊन आले, बसवला. तोही थोडं वाचायचा आणि खट्. मला घाम फुटला, कारण ऑफिसात माझा दरारा आहे आणि इथे एक ट्रे मला दाद देईना.

तेवढ्यात मावशी तोंड धुवायला उठली. ती न्हाणीघरात होती तेवढा वेळ काका अखंड वाचत राहिले. ती येऊन खुर्चीत बसली, आणि खट्.

मी टॉर्च घेऊन ट्रेच्या फटीत वाकून पाहिलं. आतून लवंगेचा वास येत होता. जुन्या ड्राइव्हला आला असता तर समजू शकले असते. हा तर मी तासाभरापूर्वी खोक्यातून काढला होता.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मी हट्टाला पेटले की मला पुढचं दिसत नाही. म्हटलं, सीडी बाहेर काढतोस काय, मग सीडीच नको! मावशीला जरा बाहेरच्या खोलीत बसवलं, शेवटची सीडी सगळीच्या सगळी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि ड्राइव्ह रिकामा केला. आता ट्रेने बाहेर काढावं असं काही उरलंच नव्हतं.

"बस आता," मी मावशीला म्हणाले. "आता काढून दाखव म्हणावं!"

तिने माझे गाल चाचपले आणि पटापट मुके घेतले. मी आवाज सुरू करून दिला आणि तिच्यासाठी सूप करायला आत गेले. बाहेर दिवस मावळला होता. समोरच्या इमारतीत एकेका खिडकीत दिवा लागत होता. काकांचा आवाज भिंतीपलीकडून येत होता आणि मी पळीने सूप ढवळत होते. फार दिवसांनी घर पूर्वीसारखं वाटलं आणि मला खरोखर बरं वाटलं.

कप्तान कंदील घेऊन बंदराच्या पायऱ्या उतरला. काका खोकले.

मी पुढच्या शब्दांची वाट बघत राहिले. ते आले नाहीत. खुर्चीही सरकली नाही. पेल्यातून पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला… आणि काकांनी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं.

मी गॅस बंद केला. कशीबशी दारापर्यंत आले.

"मावशी… हे काकांनी कधी वाचलं?"

"हळू बोल." तिने तोंड वळवलंसुद्धा नाही. "रोज वाचतात. दोन ओळी, चार ओळी… आणि बाहेर येतात. आज पहिल्यांदा सलग ऐकतेय. तुझे उपकार गं, ठके."

खट्.

रिकामा ट्रे बाहेर आला. आपोआप आत गेला. पुन्हा बाहेर आला.

"बघ, चिडलेत," मावशी हसून म्हणाली. तिचा आवाज फार लांबून आल्यासारखा होता. "तुला ठाऊक आहे, गाडीत ते पेशंटला गोष्ट सांगायचे? दवाखाना येईपर्यंत सांगत राहायचे आणि मुद्दाम अर्धीच ठेवायचे. पुढचं बरे झाल्यावर म्हणायचे. अर्धी गोष्ट कानात असली की माणूस डोळे मिटत नाही, असं त्यांचं म्हणणं. कितीतरी जणांना तसंच धरून आणलंय त्यांनी."

"मग…"

"मग काय? मी त्यांना सांगितलंय, माझं आता पुरे झालं. गोष्ट संपवा आणि मला घेऊन चला." तिने डोळे मिटले. "ऐकत नाहीत. पहिल्यापासून हट्टी."

मी धावत जाऊन तिचा हात धरला. तो गार होता, दगडासारखा. ती श्वास घेत होती, मग बराच वेळ घेत नव्हती, मग पुन्हा एकदा घेत होती. चेहऱ्यावर मात्र लग्नाच्या फोटोत आहे तसलं हसू.

आणि काका वाचत होते. वाचत कसले, वेळ काढत होते. कप्तान बंदरावर पोचला होता, समोर जहाज दिसत होतं, आता फक्त शिडी चढायची बाकी होती. पण काका त्याला चढू देत नव्हते. दोरखंडाला किती गाठी आहेत, कुठली गाठ कोणी बांधली, लाकडाला रंग कोणता, तो कुठे उडालाय… कुठल्याच लेखकाने असं पाल्हाळ लावलं नसतं. आवाज बसत चालला होता. मध्येच लवंग दाताखाली फुटल्याचा आवाज आला. ज्या माणसाने आयुष्यात कधी घाई केली नव्हती त्याच्या आवाजात आता रडू होतं.

खट्. आत. खट्. आत. काकांना एकच बटण येत होतं आणि त्या बटणातला जीव मी काढून घेतला होता.

कप्तानाने शिडीवर पाय ठेवला. मावशीने श्वास सोडला आणि पुढचा घेतलाच नाही.

मी टेबलाखाली शिरले आणि प्लग उपटला.

स्क्रीन विझला आणि खोलीत काळोख झाला. इतकी शांतता की स्वयंपाकघरातलं सूप थंड होताना भांडं टिचकलं तेही ऐकू आलं. मी गुडघ्यांवर तशीच, वायर मुठीत. वर मावशीची काहीच हालचाल नाही. मी मनातल्या मनात काय काय बोलले ते आता आठवत नाही. एवढंच आठवतं, की मला मावशी हवी होती. तिची इच्छा काही का असेना, मला ती हवी होती.

मग खुर्चीतून मोठ्ठा श्वास ऐकू आला.

"मेले, काय केलंस हे?" मावशी कडाडली. "शिडीवर होता तो! शिडीवर!"

लहानपणापासून तिने मला खूप रागावलंय, पण इतकं गोड कधीच वाटलं नव्हतं. मी तिच्या मांडीत डोकं खुपसून ढसाढसा रडले आणि ती माझ्या पाठीत धपाटे घालत राहिली. तेव्हाच माझ्या कानाशी बारीकसा आवाज झाला. ट्रे बाहेर येत होता. सावकाश, दमलेला माणूस हात टेकतो तसा. प्लग अजून माझ्याच मुठीत होता.

"सूप केलंयस ना?" मावशी बऱ्याच वेळाने फणकाऱ्याने म्हणाली. "आण मग. आता दुसरं करायला आहे काय?"

कॉम्प्युटरवर उतरवलेलं सगळं मी पुसून टाकलं. पुन्हा सीडी घातली. काका रोज संध्याकाळी चार ओळी वाचतात आणि बाहेर येतात. मावशी चिडते, मग करण्यासारखं काही नसतं म्हणून जेवते आणि रागारागाने गच्चीवर फेऱ्या मारते. डॉक्टर म्हणतात, कमाल आहे. तिच्या अंगावर मूठभर मांस आलंय आणि जीभ पूर्ववत चालू झाली आहे. ऑफिस सुटलं की मी तिच्याकडे जाते, आधी अधूनमधून जायची, आता रोज.

रोज जायचं कारण तुम्हाला सांगते आणि मग उठते, मावशी वाट बघत असेल.

मागच्या पंधरवड्यात काकांनी कप्तानाला शिडीवरच ठेवून दिलं आणि दुसरीच गोष्ट काढली. त्यात एक बाई आहे. यंत्रं दुरुस्त करते, तोंडाने फटकळ आहे, आणि संध्याकाळी आपल्या मावशीच्या घरून निघून जिना उतरते आहे. आम्ही दोघी पहिल्या दिवशी खूप हसलो. "बघ, तुला गोष्टीत घातलं त्यांनी!" मावशी म्हणाली.

आता हसत नाही. ती बाई अजून जिन्यातच आहे. काका तिला एकही पायरी खाली उतरू देत नाहीत. कठड्याचं लाकूड, भिंतीवरचा ओलसर डाग, दिव्याभोवतीचे किडे, रोज तेच सांगत राहतात, बसक्या आवाजात, वेळ काढत. मी डॉक्टरांकडे जाऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. काही निघालं नाही. मला काही होतही नाही, उगाच खोटं कशाला सांगू?

फक्त ट्रे बाहेर यायच्या आधी काका क्षणभर थांबतात आणि विचारतात, "ठके, ऐकतेयस ना? झोपू नकोस हं."

"हो काका," मी म्हणते. मोठ्याने म्हणावं लागतं, नाहीतर ते पुन्हा विचारतात.

मावशी तोवर माझं मनगट दोन बोटांनी दाबून धरते, आणि मी घरी जायला निघाले तरी सोडत नाही.