एकशे एकोणिसावं फूल

त्या खोलीतल्या पंख्याच्या बटणावर अकरा वर्षं चिकटपट्टी होती. तो आला त्या दुपारी त्याने ती नखाने खरवडून काढली. उकडत होतं, त्याचा तरी काय दोष! पंखा फिरला आणि टेबलावरचे चाळीस कागद, पाठीवर शिवलेली वाळकी झाडं घेऊन, उडाले. त्यातला एक खिडकीबाहेर गेला आणि समोरच्या इमारतीत जेवायला बसलेल्या कारकुनाच्या डब्यात उतरला म्हणतात. डब्यात नाही, डब्याशेजारी पडला असं सांगणारेही आहेत, पण ते लोक रुक्ष.

ती दारात उभी होती, हातात चिमटा. झाडांचा तो संग्रह सांभाळणं हेच तिचं काम. ओरडेल असं त्याला वाटलं. तिने पंखा बंद केला, खाली बसली आणि कागद गोळा करू लागली. तोही बसला. त्याने एक कागद दोन बोटांत उचलला, तेव्हा ती हळूच म्हणाली,

"तळहातावर घ्या. झोपलेलं असतं ते."

तो संगणकावर झाडं ओळखण्याचं साधन तयार करायला आला होता. झाडाचं नाव ठाऊक नसलेल्या माणसासाठीच ते होतं. पानाची कड गुळगुळीत की करवती, खोड गोल की चौकोनी, फूल कुठल्या रंगाचं — जे दिसेल त्यावर खूण करत जायचं. दर खुणेला यादीतली न जुळणारी नावं गळतात, आणि शेवटी एकच उरतं. त्यावरून कचेरीने त्या तरुणाचं टोपणनाव चाळणी ठेवलं. तिचं चिमटा आधीपासून होतंच. दोघांनाही हे ठाऊक होतं, आणि दोघंही ठाऊक नसल्यासारखे वागत.

तीन महिने त्याने मान वर न करता डोंगरउतारावरच्या एकशे एकोणीस जातींचे चौकोन भरले. मग एक शिक्षिका ताजं निळं फूल घेऊन आली. तिने 'निळा' वर खूण केली आणि यादी रिकामी झाली. एकही नाव उरलं नाही. कारण त्या शहाण्याने सगळे रंग वाळक्या कागदांवरून टिपले होते. त्याच्या हिशेबाने अख्ख्या डोंगरावर फक्त तपकिरी फुलं फुलत होती.

संचालकबाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहिलेले सगळे रंग पुसायला लावले आणि नियम केला. प्रत्येक फूल जिवंत पाहायचं, दोघांनी मिळून पाहायचं, मगच रंग लिहायचा.

अशी दीड वर्षं गेली. चिखलात, वाऱ्यात, खडकाला पाठ टेकून डबे खाण्यात. फूल दिसलं की तो आधी तिच्याकडे बघायचा, मग फुलाकडे. तिने एकदा विचारलंही, रंग माझ्या तोंडावर लिहिलाय का? तो म्हणाला होता की अंदाज तिथे लवकर येतो. त्यावर ती पुढचे दोन मैल भरभर चालली, आणि ऊन नसतानाही पदर डोक्यावर घेतला.

एकशे अठरा झाली. उरलं ते जलाशयामागच्या कड्यावरचं. संग्रहात त्याचा एकच कागद होता, तोही चाळीस वर्षांपूर्वीचा. एकशे एकोणीसही चौकोन भरले की त्याचं इथलं काम संपणार होतं. समुद्राकाठच्या एका संग्रहालयाने त्याला शंखशिंपल्यांसाठी बोलावलं होतं, निदान चार वर्षांसाठी.

एका सुटीच्या दिवशी ती एकटीच कड्यावर गेली. आणि ते तिथे होतं. वीतभर उंच, वाऱ्यात थरथरणारं. ती बराच वेळ त्याच्याजवळ बसून राहिली. घरी आल्यावर आत्याने बुटांचा चिखल पाहिला आणि कुठं गेली होतीस विचारलं. जन्मात पहिल्यांदा तिने आत्याला थाप मारली. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, काही खबर? तिने मान हलवली... नाही. चौकोन रिकामा राहिला.

पण रिकाम्या चौकोनाची खोड वाईट. माहितीच नाही, तर नाव गाळायचं कशावरून? त्यामुळे कोणी निळं म्हणो, पिवळं म्हणो, ते झाड यादीत उभंच. गुरांच्या डॉक्टरांचा एकदा फोन आला. वासराने काहीतरी खाल्लं होतं आणि यादीत दोन नावं उरली होती. यातलं कुठलं, त्यांनी विचारलं. एक निरुपद्रवी, दुसरं तेच कड्यावरचं, त्याविषयी कुणाला काहीच माहीत नाही. डॉक्टरांनी वाईट तेच धरून चालायचं ठरवलं. वासरू वाचलं, पण दिवसभर नको त्या औषधांनी कण्हत होतं. तुमच्या यादीत हे दुसरं झाड सगळीकडेच असतं का हो, असं डॉक्टरांनी शेवटी अगदी नम्रपणे विचारलं.

त्या संध्याकाळी ती त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मी पाहिलंय ते."

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

त्याचा चेहरा उतरत गेला, आणि ते पाहणं तिला कड्यापेक्षा अवघड गेलं.

"आजवर तुम्ही कागदावर एक खोटा शब्द लिहिला नाहीत," तो म्हणाला. "मग हे का?"

"लिहिलं असतं तर... यादी पुरी झाली असती. तुम्ही गेला असता."

बाहेर कोणीतरी सायकल स्टँडवर लावली. त्याने संगणक स्वतःकडे ओढला, बोटं कळांवर ठेवली.

"रंग?"

"नियम दोघांनी पाहण्याचा आहे."

"रंग सांगा."

"पांढरा. धारोष्ण दुधासारखा. आतून एक जांभळी रेघ... अगदी बारीक." तिने चिमटा टेबलावर ठेवला. "एवढं सगळं झाल्यावर माझ्या शब्दावर लिहिणार?"

"आत्ता तुम्ही स्वतःचं नुकसान करून सांगताय. त्याहून खरी नोंद कुठली?"

त्याने लिहिलं. मग डॉक्टरांच्या वासराच्या खुणा एकेक करून पुन्हा टाकल्या. नावं गळत गेली. एकच उरलं, ते निरुपद्रवी. दोघं त्या एका नावाकडे बघत राहिले, कारण आता करण्यासारखं काहीच शिल्लक नव्हतं. ती वळली. सकाळी बाईंना सगळं सांगेन म्हणाली, आणि संग्रहाचं कपाट उगाचच उघडून बंद केलं.

"मला ते बघायचंय," तो मागून म्हणाला.

"नोंद तर झाली."

"नोंदीसाठी नाही."

"चारच दिवस फुलतं ते. आता नसेल. पुढच्या वर्षी..."

ती थांबली. कपाटाच्या कडीवरचा हात तसाच राहिला. पावणेदोन वर्षांत तिने त्याला एकदाही अहोजाहोखेरीज हाक मारली नव्हती.

"थांबशील?"

त्याने फोन उचलला आणि समुद्राकाठच्या माणसाला सांगितलं की येणं जमणार नाही. पलीकडचा चिडलेला आवाज खोलीभर ऐकू आला: कारण काय लिहू? तो तिच्याकडे बघत होता.

"लिहा," तो म्हणाला, "इथं एक फूल अजून पाहायचं राहिलंय."