सहाव्या खाटेचं उष्टं

वॉर्डात आता 'दुखतंय का?' असं कोणी कोणाला विचारत नसे. 'किती आहे?' असं विचारत. आणि ज्याला विचारलं तो स्वतःच्या अंगाकडे नव्हे, उशाशी लावलेल्या काचेच्या पट्टीकडे मान वळवून बघे.

"सत्तेचाळीस," सहाव्या खाटेवरून गजराबाई म्हणाल्या. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. "काल बावन्न होतं. तुमचं किती हो द्वारकाबाई?"

"एकतीस."

"म्हणजे तुमच्यापेक्षा मी जास्त सोसते."

"सोसता तेवढं बोलता पण," सातव्या खाटेवरच्या द्वारकाबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

द्वारकाबाईंच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेली त्यांची मुलगी कालिंदी हसली नाही. मांडीवर लॅपटॉप होता, आणि जमिनीवर तिची टाच एकसारखी टकटकत होती. दुपारचे अडीच वाजले होते. पाचच्या आत तिला होय किंवा नाही म्हणायचं होतं.

पट्टीवरच्या आकड्याला वेदनांक म्हणत. दुखऱ्या भागाच्या वरच्या मज्जातंतूभोवती तांदळाएवढं एक कडं बसवायचं. कळ त्या तंतूतून विजेच्या लाटेसारखी धावते. कडं ती लाट पकडतं आणि भिंतीतली एक चिप त्या लाटेचा आकडा करते. आकडा वीसच्या वर गेला की औषधाचा थेंब आपोआप शिरेत उतरतो. खाली असला की नाही. पूर्वी जो मोठ्याने कण्हे त्याला औषध मिळे, आणि दात आवळून पडलेल्या बायकांच्या वाट्याला उद्याचा दिवस येई. मागून मागून कित्येकांना औषधाची चटकही लागली. वेदनांकाने दोन्ही संपवलं. पुढे कायदाच झाला, की आकड्याशिवाय औषध नाही. कालिंदीला त्या कायद्याचा अभिमान होता, कारण ज्या चिपवर तो उभा होता त्या चिपचा ड्रायव्हर बारा वर्षं कालिंदीच्याच राखणीत होता.

कर्नल म्हणजे संगणकाचा सर्वांत आतला गाभा. चिपांशी थेट बोलायचा हक्क त्याचा एकट्याचा. पण प्रत्येक चिपची बोली निराळी, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. या ड्रायव्हरमध्ये कोणीही दुरुस्ती सुचवू शके, पण कालिंदीने ओळ न् ओळ वाचून खाली 'तपासले' म्हणून आपलं नाव घातल्याशिवाय ती आत जात नसे. आणि एकदा गेलेलं नाव तिथून कधी पुसलं जात नसे.

पाच वाजता निघणाऱ्या आवृत्तीसाठी आलेली आजची दुरुस्ती चार ओळींची होती. लातूरकडच्या एका रुग्णालयातल्या तस्नीम पटवेकर या अभियंत्या मुलीने पाठवलेली. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाताना येणारं पहिलं माप टाकून द्या, दुसरं घ्या. एवढंच.

"काय एवढं चार ओळींत घुसून बसलीस?" आईने विचारलं.

"आई, ही चिप एकटीच आठ खाटा बघते. तिच्याजवळ समज एकच वाटी आहे. पहिलीकडं जाते, वाटी भरून घेते, मोजते. मग दुसरीकडं. पण वाटी विसळत नाही. तळाला आधीच्या खाटेचं थोडं उरतं आणि पुढच्या मापात मिसळतं."

"म्हणजे उष्टं."

कालिंदीने वर पाहिलं. इतक्या वर्षांत इतका नेमका शब्द तिला कोणी दिला नव्हता. "हो. उष्टं. लातूरला एका माणसाला शेजारच्याच्या कळेचं औषध जात राहिलं. श्वास मंदावला त्याचा. थोडक्यात वाचला."

आईने तीस वर्षं सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांना तारा चढवल्या होत्या. ती डोळे मिटून म्हणाली, "तंबोऱ्याची एक तार छेडली की शेजारची पण बोलती. तिला कुणी हात लावलेला नसतो. आम्ही त्याला खोट नाही म्हणायचो बाई. ते नसलं तर तंबोरा लाकूडच."

"तंबोऱ्यानं औषध देत नाहीत ना, आई."

"नाही. पण गुण येतो."

कालिंदीने ड्रायव्हरचा जुना इतिहास उघडला. हे उष्टं इतकी वर्षं कोणाला दिसलं कसं नाही? आणि मग तिची टाच थांबली. अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी एक ओळ घातली होती: प्रत्येक खाटेचं माप दोनदा घ्यायचं आणि पहिलं सोडून द्यायचं. त्याखाली शेरा होता: 'दोनदा कशासाठी? वेळ वाया. एकदाच वाचा.' लिहिणाऱ्याने मुकाट्याने ओळ काढून टाकली होती. शेऱ्याखाली नाव तिचं होतं.

नीटनेटकेपणाचं तिला वेड होतं. तिच्या हाताखालून जादा ओळ जात नसे, जादा रिकामी जागा जात नसे.

तिने आपल्या अधिकाराने वॉर्डातली कच्ची मापं उघडली. आठही खाटांची, पहिलं आणि दुसरं. गजराबाईंची दोन्ही सत्तेचाळीसच्या आसपास. आईचं पहिलं एकतीस.

दुसरं शून्य.

तिसरं शून्य. चौथं शून्य. कडं सैल असेल म्हणून तिने जोडणी तपासली. जोडणी पक्की होती, फक्त भोवती जखमेचा व्रण दाटल्यामुळे वाटी भरायला वेळ लागत होता, म्हणून तळाचं उष्टं सर्वांत जास्त इथेच उरत होतं. मज्जातंतू गप्प होता. साखरेने आईचा उजवा पाय गुडघ्याखाली नेला त्याला नऊ दिवस झाले होते. आईचा घोटा दुखत होता. जो नव्हताच तो. ती कळ तंतूतून येत नव्हती. कुठून तरी आतून, डोक्यातल्या आठवणीतून येत होती, आणि तिथे कोणतंही कडं बसत नव्हतं.

नऊ दिवस आईला गजराबाईंच्या दुखण्याचं औषध मिळत होतं. आणि नऊ दिवस आई झोपत होती.

सुवार्ता सिस्टर सलाईन बघायला आल्या. कालिंदी उठून त्यांच्यामागे दारापर्यंत गेली.

"सिस्टर, आकडा शून्य असेल आणि माणूस दुखतंय म्हणाला तर?"

"तर मानसतज्ज्ञांना कळवायचं. ते सोमवारी येतात."

आज गुरुवार होता. "तोवर हातानं नाही देता येत?"

"ताई, औषधावरचं कुलूप तुमच्याच लोकांनी केलंय," सिस्टर न रागावता म्हणाल्या. "आधी मी चेहरा बघून सांगायचे. आता चेहरा बघायची सवयच मोडली."

चार वाजले. कालिंदी खिडकीशी गेली, परत आली, बसली, उठली. तस्नीमच्या तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा चुकून राहिली होती. एवढ्या कारणावरून तिने कित्येक दुरुस्त्या परत पाठवल्या होत्या. परत गेलेली दुरुस्ती तीन महिन्यांनी पुढच्या आवृत्तीत येई. तीन महिन्यांत आई घरी गेली असती. कोणाला संशय आला नसता. उलट म्हणाले असते, बाई काटेकोर.

तिने लिहिलं: 'तिसरी ओळ. शेवटी जादा जागा.' बोट पाठवण्याच्या कळीवर ठेवलं आणि फोन वाजला.

"मॅडम, तस्नीम बोलतेय. काही चुकलंय का? सांगा, लगेच करते. इकडं आज अजून एकाचा आकडा वर जायलाय. आम्ही दोघं आळीपाळीनं त्याच्या उशाशी बसलोय, श्वास मोजत."

कालिंदीने कळीवरचं बोट उचललं.

"मॅडम?"

"चुकलेलं काही नाही. चांगलं लिहिलंयस."

तिने शेरा पुसला. जादा जागा तशीच राहू दिली. खाली लिहिलं: 'तपासले. कालिंदी शेवाळे.' पाच वाजायला बारा मिनिटं होती. पाच वाजता राज्यभरातल्या चारशे रुग्णालयांच्या भिंतींमधल्या वाट्या त्या चार ओळींनी विसळल्या गेल्या.

पट्टीवर आधी काही हललं नाही. मग सातव्या खाटेचा एकतीस मावळला. नळीतला थेंब टोकाशी लोंबकळला आणि तिथेच राहिला. कालिंदी आईचा हात धरून बसली. तिला वाटलं होतं, आधीच्या औषधाचा अंमल तासभर तरी राहील. वीस मिनिटांत आईच्या कपाळावर घाम आला आणि तिने चादर मुठीत धरली.

"कालिंदे, बघ गं. किती आहे?"

"आई..."

"वाढलंय ना? साठ तरी असंल. घोट्यात कुणी पेचकस फिरवतंय जणू."

बाजूच्या खाटेवरून गजराबाईंनी मान उंचावून पट्टी वाचली. "अहो द्वारकाबाई, बऱ्या झालात की तुम्ही. शून्य आलंय."

"शून्य," आई म्हणाली. तिने श्वास रोखला, थोडा वेळ स्वतःशीच काहीतरी ऐकल्यासारखं केलं. तार जुळली की नाही हे बघताना ती करायची तसं. मग गुडघ्याखाली जिथे चादर सपाट होती तिथे हळूच तळवा ठेवला.

"मग हे काय आहे गं?"

उत्तर शोधायला कालिंदीने आईच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. तिची नजर पुन्हा पट्टीकडे गेली होती.