वळसा

आमच्या ऑफिसचं माहितीपत्रक नव्याने करायला घेतलं होतं. त्यात तीन कामं ठळक दाखवायची होती: चार इमारतींचं एक गृहसंकुल, गेल्या वर्षी सुरू झालेली प्राथमिक शाळा आणि नदीकाठची बाग, जिचं काम अजून चालू होतं. ऑफिस म्हणजे आम्ही दोघी. मी आर्किटेक्ट आणि माझी नणंद स्ट्रक्चरल इंजिनिअर. घरात शेंडेफळ, त्यात अंगाने लहानखुरी, म्हणून तिला सगळे पिटू म्हणतात. साइटवर मात्र ती दिसली की ठेकेदार हातातला चहा अर्धा टाकून उभा राहतो. मी रेघा मारायच्या आणि त्या उभ्या राहतील की नाही ते तिने सांगायचं, अशी आमची वाटणी होती आणि ती इतकी वर्षं बिनबोभाट चालली होती.

संकुलाचे फोटो काढायला फोटोग्राफर सकाळीच आला. त्याने एका इमारतीच्या गच्चीवर कॅमेऱ्याचं तिकाटणं लावलं होतं आणि मी खाली चौकाच्या कडेला बसून होते. तो चौक माझ्या जिव्हाळ्याचा. बिल्डरला मध्यभागी कारंजं हवं होतं. मी भांडून ती जागा मोकळी ठेवली होती. नुसती करडी फरशी. कुठल्याही दारातून निघावं आणि कुठल्याही दाराशी सरळ पोचावं, वाटेत काही आडवं येऊ नये, एवढाच विचार.

फोटोग्राफर खाली आला तो कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघतच.

"मॅडम, तिथे मधे काही सांडलंय का?"

"कुठे?"

त्याने एकामागून एक फोटो सरकवून दाखवले. पिशवी घेतलेली बाई, सायकल हातात धरून चाललेला माणूस, कॉलेजच्या दोन मुली. प्रत्येकजण सरळ येत होता, चौकाच्या मध्याच्या अलीकडे किंचित वळत होता आणि पुढे जाऊन पुन्हा आपल्या रेषेवर येत होता. फोटो भराभर सरकवले की वाहत्या पाण्यात दगड असावा तसं दिसायचं. फक्त दगड नव्हता.

मी जवळ जाऊन, वाकून पाहिलं. फरशी कोरडी, स्वच्छ, सपाट. किल्लीने ठोकून पाहिली, पोकळ आवाज नाही. वास नाही. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले, निवृत्त आणि बोलघेवडे गृहस्थ. मी विचारलं, "काका, लोक इथून वळून का जातात?"

"कोण वळतंय? अहो, सरळ तर जातो आम्ही. हे बघा."

आणि ते निघाले. मध्याजवळ पोचल्यावर त्यांनी डावा खांदा मागे घेतला, अरुंद दारात कुणी उभं असलं की आपण घेतो तसा, आणि वळसा घालून पलीकडे गेले. तिथून हात हलवून म्हणाले, "बघितलंत?"

मला भुताखेतांचं काही सुचलं नाही. मला सुचली विहीर. बांधकामाआधी त्या जमिनीवर एक जुनी विहीर होती. ती बुजवायचं, थर देऊन भराव ठोकून घ्यायचं काम पिटूच्या देखरेखीखाली झालं होतं. तेव्हा माझी आई दवाखान्यात होती आणि मी साइटवर फिरकलेच नव्हते. नकाशात विहीर पार्किंगखाली दाखवली होती, चौकापासून बरीच लांब. पण नकाशात दाखवलेलं आणि जमिनीत असलेलं एकच असतं असं मी कशाच्या जोरावर म्हणणार होते? जमीन आतून खचत असेल तर डोळ्यांच्या आधी पायांना कळत असेल. लोकांचे पाय ती जागा टाळत असतील.

संध्याकाळी ऑफिसात मी विचारलं, "पिटू, त्या विहिरीचा भराव नीट झाला होता ना गं?"

तिने स्क्रीनवरून नजर काढली नाही. "आत्ता कसं काय आठवलं?"

"सहज."

"सहज तू काही विचारत नाहीस, वहिनी."

एवढंच. पण मी विचारलेल्या प्रश्नाला तिने हो म्हटलं नव्हतं, हे घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यातून गेलं नाही.

शाळेत माझं काम किरकोळ होतं, काही दारांच्या मुठी ढिल्या झाल्या होत्या. मुख्याध्यापिका मला आवार दाखवत होत्या, जणू ते मी पाहिलंच नव्हतं. मधली सुट्टी झाली होती. मुलं पकडापकडी खेळत होती, धूळ आणि आरडाओरडा नुसता. मी पायरीवर उभी राहून बघत होते आणि बघता बघता दोन पायऱ्या खाली उतरले.

आवाराच्या मधोमध एक जागा रिकामी होती. पळणारी मुलं तिथे आली की वेग कमी करायची, कडेने जायची आणि पुन्हा सुसाट सुटायची. ज्याच्यावर राज्य होतं तोसुद्धा. समोरचा गडी हाताच्या अंतरावर असताना त्याने वळसा घातला आणि गडी निसटला. कुणी तक्रार केली नाही.

मी एका मुलीला थांबवलं. "तू इथून मधून का नाही पळत?"

"पळते की," ती म्हणाली, आणि पळून दाखवलं. कडेने.

"मुलांना आवार फार आवडलंय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. आम्ही फाटकाकडे निघालो. "आधीच्या शाळेत बिचाऱ्यांना पाय ठेवायला जागा नव्हती, वर्गातच डबा, वर्गातच खेळ…" बोलता बोलता त्या माझ्यापासून बाजूला झाल्या. आमच्या दोघींच्या मधून एखादा माणूस जाईल एवढं अंतर पडलं. चार पावलांनी त्या पुन्हा माझ्याजवळ आल्या. वाक्य मधे कुठेही तुटलं नव्हतं.

शहाण्या माणसाने इथे विहिरीचा नाद सोडला असता. शाळेच्या जागेवर कधी विहीर नव्हती. पण संशयाचं असं असतं की त्याला काहीही खायला घातलं तरी तो बाळसं धरतो. शाळेचा भरावही पिटूनेच करून घेतला होता. दोन्हीकडे तोच हात. ठेकेदार तोच. तिने कुठे डोळेझाक केली असेल तर दोन्हीकडे केली असेल, आणि एका ठिकाणी त्यावर पोरं पळत होती. मग मला तिची प्रत्येक गोष्ट खुपायला लागली. ती फोन घेऊन बाल्कनीत का जाते. ठेकेदाराशी एवढी हसून का बोलते. तिच्या दादाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी यातलं अक्षर सांगितलं नाही. सांगून काय, तो बहिणीचीच बाजू घेणार.

मी तिच्या नकळत माती तपासणारा माणूस बोलावला. शाळेला सुट्टी होती. मी स्वतः कडेला बसून, हात लांबवून चुन्याने जमिनीवर फुली मारली आणि त्याच्या कामगारांना म्हटलं, इथे भोक पाडा. त्यांनी यंत्र आणून फुलीच्या शेजारी उभं केलं.

"फुलीवर," मी म्हटलं.

"फुलीवरच आहे, मॅडम."

मी हाताला धरून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, यंत्र उचललं आणि फुलीच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं. शेवटी मी नाद सोडला. संकुलातही तसंच झालं. दोन्हीकडे फुलीला लागून भोकं पडली, फुली तेवढी कोरी राहिली.

"जमीन ठणठणीत आहे," तो माणूस म्हणाला. "यावर खुशाल इमारत चढवा. तुम्हाला कुणी काय सांगितलं?"

पिटूला हे ठेकेदाराकडून कळलं. ती ऑफिसात आली, पर्स टेबलावर ठेवली आणि बसली नाही.

"मला आधी विचारायचं होतंस."

"विचारलं होतं."

"ते विचारणं नव्हतं, वहिनी. ते चाचपणं होतं." तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "ठेकेदारासमोर माझं तोंड काय राहिलं? मी पोरांच्या जिवाशी खेळेन असं वाटलं तुला? बागेचं काम उरकलं की मी वेगळी होते. दादाला तूच सांग काय ते."

मी म्हटलं, "जाण्याआधी एकदा माझ्याबरोबर बागेत चल. उद्या दुपारी. मला तुला काहीतरी दाखवायचंय."

दुसऱ्या दिवशी कामगार जेवायला गेले तेव्हा आम्ही पोचलो. फाटकापासून नदीपर्यंत सरळ वाट आखली होती. फरशी अजून बसायची होती, नुसती माती रोलर फिरवून दाबलेली होती आणि वाटेच्या मध्यातून गवंड्याने खुंट्यांना दोरी ताणून बांधली होती. ओलसर मातीत कामगारांच्या पायांचे ठसे दोरीला धरून गेले होते. अर्ध्यावर ते दोरी सोडून बाजूला झाले होते आणि पुढे पुन्हा दोरीला मिळाले होते. सगळ्यांचे. आदल्या दिवशी सकाळी मी एकटी येऊन हे पाहून गेले होते. इथे पिटूचा हात कशालाच लागला नव्हता. भराव नाही, पाया नाही, नदीकाठची मूळ जमीन. तिच्यावर घेतलेला संशय इथे येऊन संपला होता, आणि त्याच्या जागी जे आलं त्यापेक्षा तो बरा होता.

"दोरीवरून सरळ चालत जा," मी म्हटलं. "मी शूटिंग करते."

ती तोंड वाकडं करून चालली. पलीकडे पोचून परत आली. मी मोबाइल तिच्या हातात दिला.

तिने ते दोनदा पाहिलं. अर्ध्यावर ती वळली होती. वळताना तिने खांद्यावरची पर्स पोटाशी घेतली होती, गर्दीत शेजारच्याला लागू नये म्हणून घेतो तशी.

पिटू दगडांच्या ढिगावर बसली.

"मी दोरीवरूनच चालले," ती म्हणाली. "शप्पथ."

"माहितेय."

"आता तू चाल."

मी दोरी मुठीत धरली. सोडायचीच नाही, म्हणजे पाय चुकणार नाहीत. निघाले. अर्ध्यावर आल्यावर हात ताणला गेला. कुणी ओढलं नव्हतं. माझं अंगच बाहेर चाललं होतं आणि ते मला हाताच्या ताणावरून कळत होतं. मी थांबले. दोरीला धरून स्वतःला एक एक पाऊल आत ओढलं आणि त्या जागेवर उभी राहिले.

काही झालं नाही.

नदीवरचा वारा मघाशी अंगाला लागत होता, तो इथे लागत नव्हता, एवढंच. आडोशाला उभं राहिल्यासारखं.

पिटूने तोंडावर हात धरला होता. मला एकदम सगळ्याची लाज वाटली. दोन शिकल्यासवरल्या बायका, भर दुपारी, दोरी धरून. घरात वाद, मनात विष, आणि कशासाठी?

"चल," मी म्हटलं. "घरी जाऊ."

गाडीपाशी आल्यावर पिटूने पुढचं दार उघडलं, क्षणभर थांबली, लावून घेतलं आणि मागे जाऊन बसली.

"पुढे का नाही बसलीस?"

"काय माहीत," ती म्हणाली. "असू दे."

वाटेत मी तिची माफी मागितली. तिने खिडकीबाहेर बघत "हं" म्हटलं. ऑफिस सोडण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी बागेतले ठसे सरळ होते, दोरीला धरून, थेट नदीपर्यंत. मी शाळेत जाऊन आले. मुलं आवाराच्या मधोमध एकमेकांवर कोसळत होती. संकुलात फोटोग्राफरने पुन्हा फोटो काढले. लोक हव्या त्या दारातून हव्या त्या दाराकडे सरळ चालले होते, मी कागदावर काढलं होतं अगदी तसे. माहितीपत्रक छान झालं. पिटूने बागेच्या फोटोखाली माझं नाव आधी टाकलं, मी ते खोडून तिचं आधी टाकलं, आणि आम्ही पहिल्यासारख्या हसलो.

फक्त हसताना तिने खुर्ची जवळ ओढली नाही.

मग मला रस्त्यावर जाणवायला लागलं. फूटपाथवर समोरून येणारे लोक जरा लांबूनच बाजूला व्हायचे. बँकेच्या रांगेत माझ्यामागचा माणूस एक जागा सोडून उभा राहायचा. नवरा सोफ्यावर माझ्या शेजारी बसायचा तो आता दुसऱ्या टोकाला बसतो. विचारलं तर म्हणतो, "इथेच तर बसतो मी."

पिटूला मी काही सांगितलेलं नाही. तिनेही विचारलेलं नाही.

काल दुपारी मी आमच्या इमारतीच्या लिफ्टने वर निघाले होते. पहिल्या मजल्यावर लिफ्ट थांबली. वरच्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आत एक पाय टाकला आणि मागे घेतला.

"जा तुम्ही पुढे," त्या म्हणाल्या. "जागा व्हायची नाही. मी मागून येते."

लिफ्टमध्ये मी एकटीच होते.

दार बंद होता होता काकू ओळखीचं हसल्या. आधी माझ्याकडे बघून. मग माझ्या डाव्या बाजूला, मान बरीच वर करून.